सहा पडद्यांवरचा डाग

आमच्या कामाच्या खोलीत इस्त्री आणि कॉम्प्युटर एका वेळी चालत नाहीत. लावले की फ्यूज उडतो. म्हणून आम्हा नवरा-बायकोत पाळ्या आहेत. ती कपडे शिवते, मी एका इंजिनियरसाठी घरांचे नकाशे काढतो. तिला शिवण इस्त्रीने बसवायची असली की ती ओरडते, "अहो, तुमचा डबा बंद करा," आणि मी भिंत अर्धवट टाकून उठतो. खोली दहा बाय आठची. त्यात माझा जुना मॉनिटर, मागे हे एवढं पोट सुटलेला, निम्मं टेबल अडवून बसलेला. तापतो तर असा की शेजारी बसवत नाही.

गेले दोन महिने तो आणखी बिघडला होता. रेघा खायला लागला होता. मागच्या आठवड्यात इंजिनियरने एक नकाशा परत पाठवला. स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या मध्ये भिंतच नव्हती. "काका, झेपत नसेल तर सांगा," तो फोनवर म्हणाला, "काम दुसऱ्याला देतो." तेहतीस वर्षं नकाशे काढतोय मी, त्यातली सतरा हाताने, आणि हा मला झेपण्याबद्दल विचारतो. पण तोंडाने म्हणालो, "मॉनिटर गेलाय. नवा घेतो, सोमवारी नकाशा देतो." ही शेवटची संधी आहे, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

बायकोचं मत वेगळंच. "मॉनिटरचं जाऊ दे," ती म्हणाली. "हल्ली माझ्याशी बोलताना कानाकडे काय बघता? तोंड इकडे आहे." बायकांना कुठल्या वेळी काय सुचेल, सांगता येत नाही.

वायरमन म्हणाला होता, सपाट पडद्याचा, कमी वीज खाणारा घ्या, म्हणजे इस्त्रीही चालेल आणि तुम्हीही. शनिवारी आम्ही दोघं दुकानात गेलो. मी तयारीनिशी गेलो होतो. खोलीचा नकाशा मापात काढून, छापून, घडी घालून खिशात ठेवला होता.

"किती इंची देऊ, काका?" दुकानातल्या मुलीने विचारलं.

"टेबलावर बावीस इंच रुंद जागा आहे. बावीस इंची द्या."

"ते रुंदीत नाही, तिरकं मोजतात. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत."

"तिरका कोण ठेवणार आहे?" मी म्हणालो. उभा जन्म लांबी-रुंदी मोजण्यात गेला आणि आता ही मला इंच शिकवणार. मग तिने वीजबचतीच्या ताऱ्यांचा विषय काढला. जास्त तारे, कमी वीज. ठीक. पण पाच ताऱ्यांच्या मॉनिटरला वॅट जास्त आणि चार ताऱ्यांच्याला कमी. असं कसं, म्हटलं.

"तो मोठा आहे ना. मोठ्यांमध्ये तो कमी खातो."

"म्हणजे पैलवानांमधला कमी जेवणारा," बायको म्हणाली. दोघी हसल्या. मला काही कळेना. पुढे ती मुलगी म्हणाली की बंद ठेवला तरी तो जराशी वीज खातोच, आणि उजेड कमी केला की वाचते. उजेड कमी केला तर मला भिंती दिसणार कशा? डोकं गरगरायला लागलं.

शेवटी म्हणालो, तारे राहू देत, मी डोळ्यांनी बघून घेतो. तिने माझ्या पेनड्राइव्हमधला, इंजिनियरकडून परत आलेला तोच नकाशा पहिल्या पडद्यावर लावला. मधोमध, जरा डावीकडे, धुरकट डाग होता. तिने पुसला. डाग हलला नाही. दुसऱ्यावरही तसाच डाग, त्याच जागी. तिसऱ्यावरही. चौथ्याला माझं डोकं फिरलं. "सगळा माल एकाच गाडीतून आदळत आणलेला दिसतोय," मी म्हणालो. पाचवाही तसाच निघाला. सहावा बायकोने पिशवीतला मऊ कपडा काढून स्वतः पुसला.

"लख्ख आहे, अहो."

"तुला दिसत नाही."

"मला दिसत नाही?" ती म्हणाली, पण या वेळी हसली नाही.

ती मुलगी तेवढ्यात मॉनिटर कुठे बसेल म्हणून माझा कागद उलगडून बघत होती. "काका, या खोलीत शिरायचं कुठून?" तिने विचारलं.

मी कागद ओढून घेतला. चार भिंती, खिडकी, टेबल, शिलाई मशीन, सगळं मापात. कागद जरा बाजूला सरकवला तेव्हा कळलं, डाव्या भिंतीला दारच नव्हतं. ज्या दारातून दिवसातून पन्नास वेळा जातो, ते दार. मॉनिटरने खाल्लं, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण मॉनिटर घरी होता आणि कागद माझ्या हातात. आणि डाग कागदावरही होता.

बायकोने माझ्या डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. उजव्या डोळ्याने मी कागदाकडे पाहिलं, तर अख्खी खोली गेली. नुसत्या कडा उरल्या.

"चार ताऱ्यांचा बाजूला ठेवा," ती त्या मुलीला म्हणाली. "आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येतो." मुलीने तो बाजूला सरकवला.

"सोमवारचा नकाशा?" मी विचारलं.

"इंजिनियरला मी फोन करते."

तिचा हात अजून माझ्या डोळ्यावरच होता. मी तिच्याकडे सरळ बघितलं, दोन महिन्यांत पहिल्यांदाच. तिचे केस दिसले. गळ्यातली माप घ्यायची टेप दिसली. मधे तोंड नव्हतं.

"अगं," मी म्हणालो, "मला भीती वाटतेय."

"मग कानाकडे बघून बोला," ती म्हणाली. "मी ऐकतेय."