कात्रीबाईंची सून

बाजारात त्यांना सगळे कात्रीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, तेवढी छाती कुणाची होती? पडद्यांचं दुकान त्यांचं, वरचं घर त्यांचं, आणि समोरच्याचं बोलणं मध्येच कापायचा हक्कही त्यांचाच. त्या कापड कापत, सून शिवत असे आणि मुलगा गल्ल्यावर बसून भांग पाडत असे.

आता मुलगा आणि सून घटस्फोट घ्यायला निघाले होते. कात्रीबाईंना त्याचं फार वाईट वाटलं नाही. शिवण पहिल्यापासूनच कच्ची होती, त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिली होती. धास्ती होती ती वेगळ्याच गोष्टीची. सून भावाकडे राहायला जाणार होती. म्हणजे शटर ओढून वर गेलं की समोर कोण? हा भांगपाड्या! ह्याच्याशी भांडणं म्हणजे गादीला काठीने झोडपणं. धूळ उडते, उत्तर येत नाही. सून मात्र एकाला दोन द्यायची. पण हे बोलून दाखवायचं? त्यापेक्षा जीभ झडलेली बरी.

कोर्टाने तिघांना मध्यस्थाकडे धाडलं. घर-दुकान सासूच्या नावावर, म्हणून सासूही हवी. मध्यस्थ निघाली एक चष्मेवाली पोरगी. गोल टेबल, पाण्याचा जग, रडणाऱ्यांसाठी कागदी रुमालांचा डबा.

"आजी म्हणू ना तुम्हाला?"

"पडदे घ्यायला आलीस तर मावशी म्हण. इथे बाई म्हण."

"बरं, बाई. इथे नियम एकच. कुणी कुणाचं बोलणं तोडायचं नाही."

"मग मला कशाला बोलावलंस?"

सून खाली मान घालून हसली. कात्रीबाईंनी ते टिपलं आणि न टिपल्यासारखं केलं.

नवरा-बायकोचं पटापट मिटलं. टीव्ही त्याला, कपाट तिला. आठ वर्षं चादरीच्या टोकावरून भांडणारी माणसं परक्या खोलीत "तुम्ही घ्या, तुम्ही घ्या" करू लागली. कात्रीबाईंना वाटलं, ह्यांना रोज इथेच जेवायला बसवायला हवं होतं.

मग पोरगीने एकेकाला आतल्या खोलीत बोलावलं. आधी सून गेली, मग मुलगा, शेवटी कात्रीबाई.

"इथलं बोलणं तुम्ही म्हणाल तरच बाहेर जाईल," पोरगी म्हणाली. "तुम्हाला काय हवंय?"

कात्रीबाईंनी दार नीट लागलंय का ते पाहिलं. पदराने नाक पुसलं.

"सून हवी."

"मुलाने परत नांदवावं, असं?"

"तो गेला उडत! सून हवी म्हटलं. माझ्या घरात. चुण्या तिच्यासारख्या कुणाला येत नाहीत." मग आवाज खाली आला. "आणि भांडायलाही कुणी लागतं. पण तिला सांगशील तर खबरदार! डोक्यावर बसेल."

पोरीने ओठ आवळले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सांगायला काय हरकत आहे?"

"आधी तिने सांगावं."

"अहो, तीपण हेच म्हण—" पोरगीने जीभ चावली. कानापर्यंत लाल झाली.

कात्रीबाईंना आणखी काय हवं होतं? त्या उठल्या आणि धाडकन दार उघडलं.

"काय गं! तुला वेगळं आमंत्रण द्यायला हवं का?"

सूनही काही कमी नव्हती. "द्याच. आणि माझ्या दोन अटी आहेत. मी शिवलेलं उसवायचं नाही. आणि पाहुण्यांसमोर मला 'आमची बिचारी' म्हणायचं नाही."

"वाकडं शिवलंस तर?"

"तर मला सांगायचं. मी उसवेन."

कात्रीबाईंनी पदर खोचला. अट मान्य करायची, तीही सुनेची, म्हणजे घशात काटा. पण त्यांनी गिळला. "बरं. बिचारी तर तू नाहीसच. बिचारी मी."

"आई," मुलाने भांगावरून हात फिरवला, "मग मी कुठे राहू?"

"तुला मोकळं व्हायचं होतं ना? हो मोकळा. टीव्ही घेऊन जा, करमेल."

पोरगी कागद लिहायला बसली आणि अडली. "बाई, ही आता तुमची सून राहणार नाही. नातं काय लिहू?"

सुनेचा हात टेबलाच्या कडेवर थांबला. हसणं गेलं होतं तिचं.

"घरातली लिही," कात्रीबाई म्हणाल्या. "आणि ह्याला पाहुणा लिही."

सुनेने रुमालांचा डबा ओढला, एक स्वतः घेतला, एक सासूपुढे धरला.

"मला कशाला? मी काय रडतेय?" म्हणत कात्रीबाईंनी तो घेतला.