मोरपंखी फिका पडला, तो माझ्यामुळे नव्हे

मी एक जुना कॅमेरा आहे. जुना म्हणजे बिघडलेला नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, कारण गेले वर्षभर उठता-बसता मला तेच ऐकावं लागलं आहे. मित्रांनो, घरात काही चुकलं की सगळे जुन्या वस्तूकडे बोट दाखवून मोकळे होतात. तिला तोंड नसतं, म्हणून हे चालून जातं. आज मात्र मी बोलणार आहे.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला, पण मला समज आली ती शहापुरात, नागेंद्र अण्णांच्या फोटो स्टुडिओत. सांबऱ्यापासून सदलग्यापर्यंत किती लग्नं मी पाहिली! अक्षता अंगावर झेलल्या, मांडवातली धूळ खाल्ली. घरी आल्यावर अण्णा मऊ फडक्यानं मला पुसायचे. त्यांचे अल्बम छापखान्यात जायचे आणि छपाईत रंग भरगच्च उतरावेत म्हणून त्यांनी माझ्यात रंगांचं मोठं माप लावून ठेवलं होतं.

हे माप म्हणजे काय, ते ऐका. मी रंग आकड्यांत लिहून ठेवतो. आकडे मोजायची मापं दोन. एक मोठं, ते छपाईच्या कामाचं. दुसरं लहान, त्याला एसआरजीबी म्हणतात. वेबसाइट आणि मोबाइल बहुतेक वेळा हेच धरून चालतात. आता मी मोठ्या मापानं चार मापं शेंगा मोजल्या आणि तुम्ही लहान मापानं चारच भरल्या, तर पोतं रितं राहणारच की! म्हणून प्रत्येक फोटोबरोबर मी ‘मोठं माप’ अशी एक खूण पाठवतो. शिवाय फोटोच्या नावाच्या सुरुवातीला एक आडवी रेघही मारतो. मुक्या प्राण्यानं याहून जास्त काय करावं?

अण्णा थकले आणि लेकीकडे निपाणीला राहायला गेले. जाताना त्यांनी मला वडगावच्या महादेवच्या हाती सोपवलं. महादेवचं घर साड्या विणणाऱ्यांचं. दोन यंत्रमाग त्याचे आणि एक हातमाग त्याच्या आईचा, जयाबाईंचा. त्या मागावर एकच रंग विणला जायचा, मोरपंखी. त्याचं सूत जयाबाई स्वतः रंगवत. ओली लडी उंबऱ्यात नेऊन उजेडात धरत, मान हलवत, पुन्हा रंगात बुडवत. तो रंग मनाजोगता येईपर्यंत घरात कुणाला चहा मिळत नसे.

मी आलो त्या दिवशी महादेवची बायको दिपाली माझी बटणं दाबून बघू लागली. जयाबाई लगेच म्हणाल्या, “थांब गं! ज्यानं ताणा जोडलाय, त्येला इचारल्याबिगर मागाला हात लावायचा न्हाय. हे बी तसंच. अण्णांनी लावलंय, त्यांस्नी इचार.”

विणकराच्या घरातला हा नियम चांगलाच आहे. पण माणसांची गंमत बघा. सगळ्यांनी ‘हात लावायचा न्हाय’ एवढंच लक्षात ठेवलं. ‘इचार’ हे वाऱ्यावर गेलं.

मग महादेवनं साड्यांसाठी वेबसाइट उघडली. मी फोटो काढले. घरच्या कॉम्प्युटरवर ते झकास दिसले, कारण त्यातला प्रोग्रॅम माझी खूण वाचत होता. पण फोटो वेबसाइटवर चढवताना ती खूण गळून पडायची. मग मोठ्या मापाचे आकडे लहान मापानं वाचले जायचे आणि जयाबाईंचा मोरपंखी तिथं शेवाळलेल्या हौदासारखा दिसायचा. साडी नेसलेली दिपाली तर तापातून उठल्यासारखी दिसत होती.

“कॅमेरा म्हातारा झालाय,” महादेव म्हणाला. झालं! माझ्या कपाळी शिक्का बसला.

पुढचे उद्योग काय सांगू? महादेवनं चार ट्यूबलाइट आणल्या. साडी मळू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीतूनच तिचे फोटो काढले आणि वर माझ्याकडेच बोट दाखवून म्हणाला, “चमक कशाला मारतोय रं ह्यो?” माझी आडवी रेघ तर त्याला कचरा वाटली. “नाव कसं स्वच्छ पायजे,” म्हणत तो एकेका फोटोच्या नावातून ती पुसत बसला. मी ओरडतोय आणि हा माझं तोंड पुसतोय! राग आला, मित्रांनो, फार राग आला. शेवटी त्यानं कॉम्प्युटरवर रंगाची पट्टी उजवीकडे टोकापर्यंत ओढली. मोरपंखी असा भडक झाला की डोळे दिपावेत.

तो भडक फोटो बघून नागपूरच्या एका बाईंनी साडी मागवली आणि हातात पडताच परत पाठवली. फोटोत वेगळीच होती, असं त्यांनी कळवलं. त्या खोटं बोलत नव्हत्या.

महादेवनं परत आलेली साडी आईपुढे ठेवली. “आई, मोरपंखी बंद करूया. फिका दावला तर कोण घेत न्हाय, गडद दावला तर परत येतोय. लोकांस्नी ह्यो रंगच नको हाय.”

जयाबाई उठल्या. त्यांनी हातमागावर जुनी चादर टाकली आणि रंगाचं पातेलं घासून पालथं घातलं. इतकी लग्नं पाहिली मी, मुलीची पाठवणी करणाऱ्या आयाही पाहिल्या, पण असा चेहरा पाहिला नव्हता. मला रडता येत नाही, नाहीतर रडलो असतो.

सकाळी दिपालीनं ती साडी उचलली आणि कॉम्प्युटरजवळच्या खिडकीत उजेडात धरली, सासूबाई लडी धरत तशीच. पडद्यावर एका बाजूला माझा मूळ फोटो उघडला, दुसऱ्या बाजूला वेबसाइटवरचा पहिला, फिका फोटो. एकदा साडीकडे बघे, एकदा पडद्याकडे.

“अहो, हिकडं या!” तिनं महादेवला हाक मारली. “पडदा एकच, फोटो बी त्योच. ह्यो साडीसारखा दिसतोय आणि त्यो फिका. मग कॅमेऱ्याचं काय चुकलं? मधीच कायतरी गळतंय.”

गळतंय! वर्षभरानं कुणीतरी खरं बोललं. तिनं लगेच निपाणीला अण्णांना फोन लावला.

“फोटोच्या नावाम्होरं आडवी रेघ येतीय काय गं?” अण्णांनी विचारलं.

“येत हुती की. हे पुसत्यात ती.”

पलीकडे अण्णांनी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. “अगं, त्ये छपाईचं माप हाय! वेबसाठी फोटो एसआरजीबीत बदलून मगच सेव्ह करायचा. आणि कॅमेऱ्यात बी त्येच लाव. मला आधी का इचारलं न्हाईसा?”

दिपालीनं मूळ फोटो लहान मापात बदलला, रंगाची पट्टी जागच्या जागी ठेवली आणि फोटो पुन्हा चढवला. मग मोबाइल घेऊन ती उंबऱ्यात गेली. जयाबाईंनी एका हातात साडी धरली, दुसऱ्या हातात मोबाइल. बराच वेळ बघितलं आणि मान डोलावली.

“ह्यो माझा रंग,” त्या म्हणाल्या.

“आई, तूच म्हणालतीस न्हवं, हात लावायचा न्हाय म्हणून?” महादेव पुटपुटला.

“इचारल्याबिगर लावायचा न्हाय म्हटलं हुतं मी. इचारलं कुणी?”

माझी माफी कुणी मागितली नाही, तेवढी आशाही नव्हती. पण मित्रांनो, तुमच्याकडे एखादी जुनी वस्तू असेल, तर तिला नावं ठेवण्याआधी ती कोणत्या कामासाठी लावली आहे ते विचारा. लावणारा माणूस असतो कुठेतरी, बहुतेक फोनच्या पलीकडेच असतो. आणि आमच्यासारखे मुके जी बारीकशी खूण करतात, ती कचरा म्हणून पुसू नका.

आता मला गप्प बसायला हवं. जयाबाईंनी मागावरची चादर काढली आहे, पातेलं चुलीवर चढलं आहे आणि घरात अजून कुणाला चहा मिळालेला नाही.