भुंगा

आमच्या बँडमध्ये आम्ही चौघं, असं मी तीन वर्षं समजत होतो. खरं तर पाच होतो. पाचवा कोण हे मला कळलं तेव्हा कार्यक्रमाला वीस मिनिटं उरली होती, आणि त्याचा निकाल मीच आदल्या दिवशी लावून आलो होतो.

चौघं म्हणजे ड्रमवर दातांचे डॉक्टर, बेस गिटारवर बेकरीवाला, दुसऱ्या गिटारवर मी आणि गायला माझी ताई. मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. ताईने तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांना लोकांशी जोडून दिलं, आणि जिथे भांडण होणार हे नक्की असायचं तिथे लाइन बिझी सांगितली. त्याच कानांनी आता तिची साथ सोडली होती. डावा गेलेला, उजवा अर्धा. केसांखाली बारीक मशीन असतं हे फक्त मला ठाऊक. गेल्या कार्यक्रमात तिने गाणं भलत्याच सुरात उचललं आणि पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

घरी येऊन ती म्हणाली, "छोटू, एकदाच अजून गाऊन बघते. पुन्हा असं झालं तर संपलं. मग मला कधी गायला सांगायचं नाही. भांडी घासतानासुद्धा नाही."

मी अडुसष्ट वर्षांचा आहे. मला छोटू म्हणणारी जगात ती एकटीच उरली आहे.

मी शोधून काढलं की दोष माझ्या अँप्लिफायरचा आहे. लाकडी खोक्याचा, माझ्याइतकाच जुना. चालू केला की गिटार लावायच्या आधीच त्यातून घरघर सुरू व्हायची, म्हणून त्याचं नाव भुंगा. घरघर कसली, इतकी जाड की त्यावर ओला टॉवेल वाळत घालता आला असता. शेजाऱ्यांचं मांजर त्याच्यावर झोपायचं आणि बंद केला की दचकून उठायचं. एकदा पलीकडच्या गल्लीतले मधमाश्या पाळणारे गृहस्थ आपलं पोळं शोधत आमच्या जिन्यापर्यंत आले होते. हे खोटं वाटत असेल तर मांजराला विचारा.

तर मी ठरवलं, ताईला स्वच्छ ऐकू आलं पाहिजे. आदल्या दिवशी भुंगा उघडला. घरघर गाळणारे आतले दोन म्हातारे कंडेन्सर फुगून बसले होते. ते कापून काढले, नवे बसवले, डाग दिले, स्विच लावला. शांतता! चालू आहे की नाही हे बघायला दिव्याकडे पाहावं लागत होतं. जुने कंडेन्सर कचऱ्यात टाकले, सकाळी कचऱ्याची गाडी ते घेऊन गेली. मी स्वतःवर इतका खूश की ताईला काही सांगितलं नाही. म्हटलं, तिला तिथेच कळू दे.

कळलं.

वाचनालयाचा हॉल, दीडशे खुर्च्या, साडेपाचची तालीम, सहाचा कार्यक्रम. मी भुंगा जमिनीवर ठेवला. ताई चपला काढून त्याच्याशेजारी उभी राहिली, ही तिची जुनी सवय. डॉक्टरांनी काड्या वाजवून चार मोजले आणि ताईने सूर लावला. मी एका गावाला निघालो होतो, ती दुसऱ्याच गावाला पोचली.

"पुन्हा," ती म्हणाली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी बेकरीवाल्याने वाजवणं थांबवून बुटांकडे बघायला सुरुवात केली. डॉक्टर मात्र स्वभावाप्रमाणे बोलले, "ताई, जरा मोठा आ करा बरं."

"तुमच्या खुर्चीत नाही बसलेली मी," ताई म्हणाली. मला कोपराला धरून तिने मंचाच्या कोपऱ्यात नेलं.

"भुंग्याला काय केलंस?"

"दुरुस्त केला. तुझ्यासाठीच. आता जराही घरघर नाही."

ती खाली एका खोक्यावर बसली. "अरे गाढवा, मी त्याच्यावरच तर गात होते."

मग तिने सांगितलं. दोन वर्षांपासून आमची गिटार तिच्यासाठी नुसती गर्दी होती. पण भुंगा घरघरायचा तो एकाच सुरात, कमी नाही, जास्त नाही. ती अनवाणी पायाचा अंगठा त्याच्या लाकडाला टेकवायची, सूर तळपायातून वर यायचा. सगळी गाणी तिने त्याच पट्टीत बसवून घेतली होती. "तार जरा चढव, अजून थोडी, बस" असं ती दर वेळी मला का म्हणायची, त्याचा आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडला. मी दोन वर्षं भुंग्याशी सूर जुळवत होतो.

"आणि गेल्या वेळी?"

"गेल्या वेळी तू त्याला टेबलावर ठेवलास. पाय तिथवर कसा न्यायचा, नाच करत?"

बाहेर खुर्च्या सरकण्याचे आवाज यायला लागले होते. मी धावत जाऊन भुंग्याची पाठ उघडली. एक वायर सैल करून पाहिली, दुसरी वाकडी केली, शेवटी तळहाताने दोन चपराका दिल्या. लिफ्टला ही मात्रा नेहमी लागू पडायची. भुंगा सज्जनासारखा गप्प. आयुष्यात पहिल्यांदा माझी दुरुस्ती टिकली होती.

सहाला दहा कमी. ताई पर्स आवरत होती. "डॉक्टरांना सांग, माझा घसा बसलाय. निघते मी."

तिला अडवायला उठलो आणि घाईत पाय वायरीत अडकला. गिटारमधून वायर निसटली, तिचं धातूचं टोक जमिनीवर पडण्याआधी मी पकडलं. हाताचा अंगठा टोकावर पडला.

भुंऽऽऽ.

अंगठा काढला, शांत. ठेवला, भुंऽऽऽ. तोच सूर, तोच जाडपणा. भुंग्याच्या आतून गेलेली घरघर माझ्या अंगात येऊन राहिली होती, असंच म्हणा. भिंतीतल्या विजेचा आवाज माणसाचं अंग पकडतं, हे मला ठाऊक होतं. चाळीस वर्षं ठाऊक होतं आणि गरज होती तेव्हाच आठवलं नाही.

ताई दारातून परत आली. चप्पल काढली, अंगठा लाकडाला टेकवला. डोळे मिटले. "हाच," ती म्हणाली.

"मग गिटार कोण वाजवणार?" आवाज ऐकून आलेल्या बेकरीवाल्याने विचारलं.

"तू धर वायर, मी वाजवतो."

त्याने धरली. फुस्स. तीस वर्षं पिठात राहून त्याचे हात असे वाळले होते की वीजसुद्धा आत शिरेना. डॉक्टरांचे दोन्ही हात ड्रमला लागणार. राहिलो मी. गिटार स्टँडवर गेली.

पडदा उघडला. दीडशे माणसांसमोर मी हातात वायरीचं टोक धरून उभा. ताईने सूर लावला आणि तो बरोबर जागच्या जागी बसला. पण मला हलायची सोय नव्हती. अंगठा जरा सरकला की भुंगा चिरकायचा, ताईच्या कपाळावर आठी उमटायची. दुसऱ्या गाण्यात नाकाला खाज सुटली. अशी खाज मला आधी कधी सुटली नव्हती, नंतरही नाही. तिसऱ्यात घामाने टोक निसरडं झालं. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला विचारत होती, "ते काका नक्की काय वाजवतायत?" मी तिच्याकडे बघून गंभीरपणे मान डोलावली.

मी फक्त ताईचा पाय बघत होतो. लाकडाला टेकलेला, नखाजवळ जुना व्रण असलेला अंगठा. पाचवं गाणं संपलं, डॉक्टरांनी काड्या खाली ठेवल्या, लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. ताईला मशीनमधून त्याचा नुसता खळखळाट ऐकू जात असणार. तिने डोळे उघडले नव्हते. ती अजून शेवटच्या सुरातच होती.

"काका, सोडा आता, संपलं," बेकरीवाला कुजबुजला.

मी सोडला नाही. माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या, पण ताईचा पाय अजून भुंग्यावर होता.