अठ्ठेचाळीस खांबांच्या सावल्या

आमच्या नगरपालिकेच्या नकाशा विभागात मी नऊ वर्षं एकच काम करतेय. विमानातून काढलेल्या फोटोंवरून शहरातली कुठली जमीन कशासाठी वापरली जाते, ते यंत्राला ओळखायला शिकवायचं. यंत्राला घर, झाड काही कळत नाही. ते फक्त फोटोचा पोत बघतं. उजळ ठिपक्याशेजारी काळा ठिपका किती वेळा येतो, ते मोजतं. आपण कापड चिमटीत धरून सुती की लोकरी ते सांगतो, तसंच.

त्या वर्षी यंत्राने लिंडेलुंडच्या बागवसाहतीला 'गोदामं आणि भंगार' ठरवून टाकलं. अठ्ठेचाळीस कुटुंबांच्या अठ्ठेचाळीस चिमुकल्या बागा, प्रत्येकीत एक लाकडी खोपटं. आमच्या डेन्मार्कात हे फोटो पालवी फुटायच्या आधी काढतात, त्यामुळे दिसली ती नुसती छपरं आणि काळी माती. भंगाराच्या कुठल्या जागेवर बसचं आगार बांधायचं, ते गुरुवारी नगरसभेत याच नकाशावरून ठरणार होतं.

"नकाशावर तेवढा रंग हाताने बदलून बागांचा हिरवा करून टाक," आमचा साहेब टोर्बेन म्हणाला.

"एक हाताने बदलला, तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवेल?"

"मग यंत्र सुधार. नाहीतर नकाशा आहे तसा जाईल."

मंगळवारी वसाहतीचे अध्यक्ष आक्सेल थेट माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. वय एकोणऐंशी. शेजाऱ्याचं कुंपण बोटभर वाढलं तरी चिठ्ठी पाठवणारा माणूस.

"भंगार कुणाला म्हणतेस गं?"

मी फोटो उघडला. "यात तुमची बाग दाखवा बरं."

त्यांनी चष्माही न लावता एका बारीक काळ्या रेघेवर बोट ठेवलं. "ही माझ्या झेंड्याच्या खांबाची सावली. ही लांबलचक आहे ना, ती येन्सिनेची. नियमापेक्षा उंच खांब लावलाय बाईने. तीन चिठ्ठ्या पाठवल्या, ढिम्म हलत नाही."

"सगळ्यांकडे खांब आहेत?"

"खांबाशिवाय वाढदिवसाला झेंडा कुठे चढवणार?"

माझा मलाच राग आला. माझं सगळं बालपण अशाच एका खांबाखाली गेलं होतं, आणि नऊ वर्षांत मला त्याची सावली दिसली नव्हती. अठ्ठेचाळीस रेघा, सगळ्या एकाच दिशेला. भंगारात दोन वस्तू एका दिशेला पडलेल्या नसतात. मी मात्र चार दिशांनी पोत मोजून त्याची सरासरी काढत होते. या धंद्यात सगळेच काढतात, म्हणजे इमारतीचं तोंड कुठेही असलं तरी फरक पडत नाही. त्या सरासरीत सावल्या विरघळून गेल्या होत्या.

मी सरासरी काढून टाकली आणि चारही दिशा वेगळ्या ठेवून यंत्राला पुन्हा शिकवलं. बुधवारी दुपारी नकाशा तयार झाला. एकटं लिंडेलुंडच नाही, शहरातल्या अकराच्या अकरा बागवसाहती हिरव्या. रुळांपलीकडचं खरं भंगार मात्र भंगारच. मी टोर्बेनच्या टेबलाभोवती नाचले, आणि मला जराही लाज वाटली नाही. त्याने दोनदा तपासलं आणि "बरं आहे" म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं. गुरुवारी आगार रुळांपलीकडे गेलं.

शनिवारी मी सायकलवरून लिंडेलुंडला गेले. सगळ्या अठ्ठेचाळीस खांबांवर झेंडे होते.

"आज कुणाचा वाढदिवस?" मी विचारलं.

"वसाहतीचा," आक्सेल कॉफी ओतत म्हणाले. मग येन्सिनेच्या बागेकडे मान वळवून जरा खाकरले. "आणि तिचा खांब आता नियमात बसतो. नियमच बदलला मी."