उत्तरार्ध

पडद्यावर 'मध्यंतर' ही अक्षरं पुरती उमटायच्या आत भोजराज मास्तरांनी कापडी पिशवी उचलली आणि माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत ते दाराकडे निघाले. बाहेर चहावाल्याभोवती गर्दी जमत होती.

"कसा वाटून राहिला, मास्तर?" कोणीतरी विचारलं.

मास्तरांनी नुसती मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे विचारणाऱ्यानं ठरवावं. पावणेपाचची करडीची एस.टी. स्टँडवर उभी असेल. त्यानंतर करडीला जाणारं काही नव्हतं.

गेली सहा वर्षं हे असंच चाललं होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मास्तर भंडाऱ्याला येत, तीनचा खेळ बघत आणि मध्यंतराला उठत. घरी आई, जनाबाई, लकव्यानं एका अंगानं पडलेली. दिवसा शेजारची गिरजाबाई तिच्याकडे बघे. पण दिवेलागणीला तिलाही आपली चूल पेटवायची असे. सोमवारी सकाळी मास्तरांनी लिहिलेलं चित्रपटाचं परीक्षण पहिल्या एस.टी.च्या कंडक्टरबरोबर भंडाऱ्याला जाई आणि मंगळवारी भय्याजींच्या साप्ताहिकात छापून येई.

उरलेला अर्धा चित्रपट मास्तर खिडकीशी बसून मनातल्या मनात पुरा करत. ते फारसं अवघड नव्हतं. हरवलेला भाऊ सापडायचा, वाईट माणूस पोलिसांच्या हाती लागायचा, रुसलेला बाप लग्नाला यायचा. 'उत्तरार्ध रेंगाळतो' असं लिहिलं की ते कधी खोटं ठरत नसे. भय्याजी तर चारचौघांत सांगत, "मास्तरनं लिहलं म्हणजे लिहलं. त्याईच्या एका ओळीनं टॉकीज रिकामी होते."

मास्तरांना हे आवडे. करडीत त्यांना शाळेपुरतेच लोक विचारत; भंडाऱ्यात त्यांच्या मताला वजन होतं.

या शनिवारचा चित्रपट मात्र वेगळा होता. 'रिकामा डोंगा' वैनगंगेच्या घाटावर चित्रित झाला होता, दोन वर्षांपूर्वी, सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात. डोंगा हाकणाऱ्या नावाड्याच्या कामासाठी बाहेरून आलेल्या दिग्दर्शकानं करडीच्याच सेवकरामला उचललं होतं. सेवकराम धानाची शेती करणारा माणूस. पण दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत रात्रभर चालणाऱ्या दंडारीच्या नाटकात त्याचं सोंग बघायला मोहाडीपासून लोक यायचे. आता धानाची कापणी चालू होती. ती आटोपली की पुढच्या रविवारी साऱ्या गावानं बैलबंड्या जुंपून भंडाऱ्याला जायचं ठरलं होतं. सेवकरामनं स्वतःही अजून चित्रपट पाहिला नव्हता.

भंडाऱ्यात मात्र शुक्रवारपासूनच दोन तट पडले होते. काही जण डोळे पुसत बाहेर येत, काही जण तिकीट खिडकीशी जाऊन शिव्या घालत. मास्तरांनी जेवढा पाहिला तेवढ्यात नदी होती, वाळू होती, आणि त्यात संकोचून उभा असलेला सेवकराम होता. दंडारीत हात पसरून बोलणारा हा माणूस इथं हात कधी पाठीशी घेई, कधी धोतराला पुसे.

रविवारी मास्तरांनी लिहिलं: 'पाणी संथ आहे म्हणून चित्रपटानंही संथ असावं, असा काही नियम नाही. उत्तरार्धातही डोंगा हलत नाही. आपल्या करडीच्या सेवकराम यांना हात कुठे ठेवावेत, हे शेवटपर्यंत कळत नाही.'

'शेवटपर्यंत' हा शब्द लिहिताना ते क्षणभर थांबले होते. मग आईनं पाणी मागितलं आणि ते उठले.

मंगळवारी अंक निघाला. गुरुवारी टॉकीजवाल्यानं चित्रपट उतरवला आणि हाणामारीचा एक जुना लावला. जुंपायच्या बंड्या तशाच राहिल्या.

त्यानंतरच्या सोमवारी मधल्या सुट्टीत सेवकराम शाळेत आला. अंगावर धुतलेला सदरा होता. मास्तरांनी बसायला खुर्ची दाखवली, पण तो दाराशीच टेकून उभा राहिला.

"मास्तर, तुमी पायलं, तुमाले समजते. मी काही भांडाले नाई आलो."

"बोला ना."

"थे आखरीची जागा हाय ना. नदीतून बुडालेल्या पोराले काढतेत आन् माह्या मांडीवर ठेवतेत. सायेबानं थे एका डावातच घेतलं. मंग कोणी बोललं नाई. सायेब तिकडं तोंड करून उभा होता." तो थांबला. "तवा पोरगं मांडीवर होतं, मास्तर. मंग हात कुठी ठेवाले पायजे होते?"

मास्तरांच्या हातात खडू होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला.

"तसं नव्हे, सेवकराम. ती जागा बरी होती."

"नाई, नाई. तुमी लिहलं थेच खरं. मले सांगा, म्हणजे मंडईत सुधारता येईन."

हा खरं विचारतो आहे, टोमणा मारत नाही, हे मास्तरांना दिसत होतं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. घंटा झाली, मुलं आत शिरली. "मग बोलू," मास्तर म्हणाले.

पुढं ते बोलले नाहीत. पुढच्या मंडईत सेवकराम सोंग घेऊन उभा राहिला, दोन वाक्यं बोलला आणि स्वतःच्या हातांकडे बघत अडकला. लोकांना आधी तो सोंगाचाच भाग वाटला. मग ते हसले. त्यानंतर त्यानं दंडार सोडली. विचारणाऱ्याला त्याची बायको रुखमा सांगे, "थकले आता." तेव्हा तो चाळिशीचाही नव्हता.

मास्तर मात्र लिहीत राहिले. दर शनिवारी अर्धा चित्रपट, दर मंगळवारी पुरा निकाल. एकदा भय्याजींना सांगून टाकावं असं त्यांच्या मनात आलं होतं. भय्याजींनी चहा मागवला आणि मास्तरांच्याच सत्काराचा विषय काढला, तेव्हा ते राहून गेलं.

पंच्याऐंशी साली जनाबाई गेल्या. घाईनं घरी परतायचं कारण उरलं नाही. त्याच उन्हाळ्यात हायवेवरच्या शहापूरला, पत्र्याच्या टॉकीजमध्ये, 'रिकामा डोंगा' लागल्याचं मास्तरांना कळलं. बाजाराच्या दिवशी, दुपारचा एकच खेळ. ते सेवकरामच्या घरी गेले.

"चला. दोघं मिळून पाहू."

सेवकरामनं रुखमाकडे पाहिलं. तिनं खुंटीवरची टोपी काढून दिली.

पत्र्याखाली भट्टी तापावी तसं तापलं होतं. प्रेक्षक तीसेक असतील. निम्मे सावलीसाठी आलेले. पडद्यावर तरणा सेवकराम दिसला तेव्हा शेजारचा सेवकराम पुढं झुकला आणि हळूच हसला. "लयच भेलो होतो मी," तो म्हणाला.

मध्यंतराला लोक बाहेर गेले. मास्तर जागचे हलले नाहीत. बारा वर्षांत पहिल्यांदा ते एखाद्या चित्रपटाचा उत्तरार्ध बघायला बसले होते.

फीत जुनी होती, जागोजागी उड्या मारत होती. पूर आला. नावाड्याचा पोरगा डोंग्यावरून वाकला. लोक काठावर धावत सुटले. मग पडदा एकदम पांढरा झाला, आणि लगेच 'समाप्त' ही अक्षरं आली.

सेवकराम बसूनच राहिला. पुढं अजून काही असेल, असं त्याला वाटलं. मास्तर उठून यंत्राच्या खोलीशी गेले.

"शेवटचा तुकडा कुठे आहे?"

यंत्र चालवणारा फीत गुंडाळत होता. "थो लांबलचक होता, बावा. नावाडी नुसता बसून राह्यते. पब्लिक बोंबलते तिथी. कापला कुठंतरी, कोण्या गावाले का मालूम."

बाहेर ऊन डोळ्यांत घुसत होतं. दोघं कडुनिंबाखाली बसले. हायवेवरून ट्रक जात होते. शेवटचा तुकडा कापून टाकल्याचं मास्तरांनी सांगितलं.

"जाऊ द्या," सेवकराम म्हणाला. "तुमी तरी पायलं होतं ना. वाईट का होईना. मी रुखमाले म्हनो, गावातल्या एका मानसानं तरी पायलं."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, आणि डोळ्यांवर न लावता तसाच धरला.

"मी इंटरवललाच उठलो होतो, सेवकराम. आई एकटी होती. शेवट मी पाहिलाच नाही. कोणत्याच सिनेमाचा पाहिला नाही."

एक ट्रक गेला. धूळ उडाली, बसली.

"मंग करडीतल्या कोणीच नाई पायलं," सेवकराम म्हणाला.

आवाजात राग नव्हता. हिशेब चुकला होता, तो दुरुस्त करावा तसं तो बोलला.

"तुम्ही सांगा," मास्तर म्हणाले. "त्या दिवशी घाटावर काय केलं होतं, ते सांगा. मी ऐकतो. शेवटपर्यंत ऐकतो."

सेवकराम आठवू लागला. त्याचे ओठ हलले, कपाळ आकसलं. तो एकदा रस्त्याच्या पलीकडे बघत राहिला, जणू नदी तिथंच होती.

"पोरगं ओलं होतं," तो म्हणाला.

"पुढं?"

"ध्यानात नाई, मास्तर. सायेब म्हने, झालं, आता हे फिल्लमवर कायमचं राह्यलं. म्हून मी ध्यानात ठेवलंच नाई."