शिवलेला पट्टा

मी एक सँडल बोलतेय. उजव्या पायातली. डाव्या पायातली माझी बहीण शेजारीच आहे, पण ती बोलत नाही. तिच्या वाट्याला सांगण्यासारखं काही आलंच नाही, आणि आपल्याला काही झालं नाही याचीच तिला लाज वाटते.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. एका बाजूला छापखाना, दुसऱ्या बाजूला जिना, आणि मध्ये कोणीतरी दाबून बसवावं तसं हे दुकान. आत कातड्याचा, मेणाचा आणि तळ चिकटवायच्या सोल्यूशनचा वास. मालक जोडे शिवणारे. पण नवे जोडे शिवून कोण घेतं हल्ली? त्यांचं बहुतेक आयुष्य दुसऱ्यांनी केलेले जोडे दुरुस्त करण्यात गेलं. आम्हा दोघींना मात्र त्यांनी अगदी नव्यानं घडवलं, त्यांच्या एकुलत्या एक मुलीसाठी. तिला चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली होती.

“टाच जरा उंच करा ना बाबा. काउंटरच्या मागे मी दिसतच नाही.”

“तू दिसून काय करायचंय? चष्मे दिसले म्हणजे झालं.”

“बाबा!”

“दिवसभर उभं राहायचंय, टकटकबाई. कंबर धरली की माझ्या नावानं ओरडशील.”

टकटक हे तिचं घरातलं नाव. लहानपणी गिऱ्हाइकांच्या उंच टाचांच्या चपलांत पाय घालून ती दुकानभर फिरायची, त्यावरून पडलेलं. आई तिच्या शाळेच्या वयातच गेली. तेव्हापासून घरात ही दोघंच, त्यामुळे भांडायलाही एकमेकांशिवाय कोणी नव्हतं. शेवटी टाच दोन बोटं उंच ठेवायची, यावर तह झाला.

मला तिचा पाय आवडायचा. माणसं पायांकडे दुखेपर्यंत बघत नाहीत. ही मात्र रोज संध्याकाळी आम्हाला काढल्यावर फडक्यानं पुसायची आणि भिंतीशी नीट जोडीनं ठेवायची. जोडेवाल्याची मुलगी ना!

तिच्या एका मैत्रिणीचं लग्न ठरलं, तेव्हा सगळ्यांनी मिळून एक पार्टी बस भाड्यानं घेतली. बाहेरून काळी चकचकीत आणि आत रंगीत दिवे, मोठ्यानं गाणी, मध्ये नाचायला मोकळी जागा. दोन्ही कडांना लांब बाकं होती, वर लाल गादी आणि खाली हिरवे लोखंडी पाय. मी जमिनीलगतची. मला दिवे दिसत नाहीत, पाय दिसतात, आणि मी पाहिलं की आमच्या बाकाच्या पायाला जमिनीत धरून ठेवणारा बोल्ट जागेवर नव्हता. नुसतं भोक होतं. बस वळली की तो पाय हलायचा.

मैत्रिणी नाचत होत्या. ही टाळ्या वाजवत बाकावर बसली होती.

“ए म्हातारे, ऊठ की!”

“अगं दिवसभर उभी होते. एक गाणं बसू दे, मग दमवते तुम्हाला.”

ते गाणं संपायच्या आतच बसनं करकचून ब्रेक मारला. बाक जमिनीपासून सुटलं आणि बसलेल्या मुलीसकट पुढे घसरलं. त्याचा हिरवा पाय माझ्या पट्ट्यात अडकला. पट्टा तटकन तुटला, आणि मग ते अख्खं बाक तिच्या घोट्यावर कलंडलं. त्यापुढचं मी सांगणार नाही. तिची हाक मी ऐकली आहे, तेवढं पुरे.

इस्पितळात त्यांनी बाबांच्या हातात तिच्या वस्तूंची पिशवी दिली. तिचे कपडे, तिचं घड्याळ, आम्ही दोघी. माझा पट्टा लोंबत होता. त्यावर हिरव्या रंगाचा ओरखडा होता, आणि इतरही डाग होते.

तिच्या पायावर एकामागून एक शस्त्रक्रिया चालल्या होत्या. बाबांना तिथे करण्यासारखं काहीच नव्हतं. डॉक्टर येत, आपसात बोलत, जात. बाबा बाहेर बसून स्वतःच्या हातांकडे बघत राहत. एका दुपारी ते दुकानात आले, फळी अर्धीच उघडली आणि मला मांडीवर घेतलं. आधी डाग धुतले. मग स्पिरिटचा बोळा फिरवून हिरवा रंग काढला. तुटलेल्या कडा कातडं कापायच्या रापीनं सारख्या केल्या, आतून पातळ कातडं लावलं, आरीनं भोकं पाडली आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं पट्टा शिवला. इतका बारीक टाका मी त्या दुकानात पाहिला नव्हता. शिवताना ते एकच म्हणत होते, “होईल हं नीट. होईल.” ते माझ्याशी बोलत नव्हते, हे मला कळत होतं.

ती घरी आली कुबड्या घेऊन. पाय राहिला होता, पण आखूड झाला होता आणि घोटा वाकत नव्हता. चष्म्याच्या दुकानानं तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली. बसवाल्या कंपनीनं नुकसानभरपाई द्यायचं नाकारलं. त्यांचं म्हणणं असं, की चालत्या बसमध्ये उभं राहू नका अशी पाटी होती, बाई नाचत होत्या, तोल जाऊन बाकावर पडल्या, त्यानं बाक उलटलं. चूक त्यांचीच. बाक तपासायला सरकारी माणूस गेला तेव्हा सगळे बोल्ट जागच्या जागी होते, नवे कोरे. मैत्रिणी खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. “आधी तू बसली होतीस गं, पण दिवे सारखे लुकलुकत होते, आम्ही नाचत होतो, ब्रेक लागला तेव्हा तुझ्याकडे लक्ष नव्हतं,” एवढंच त्या रडत रडत सांगू शकल्या.

“शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये,” शेजारच्या छापखानेवाल्यांनी सुचवलं.

“मला कुठे पायऱ्या चढता येतात आता?” ती म्हणाली. “लिफ्टनं जाईन.”

तिनं वकीलबाई गाठल्या. पैसे हवेच होते, पुढची शस्त्रक्रिया बाकी होती. पण पहिल्याच भेटीत ती म्हणाली, “मला एक वाक्य लिहून हवंय, की यात माझी चूक नव्हती. ओळखीचं कोणी भेटलं की आधी पायाकडे बघतात आणि मग विचारतात, खूप नाचत होतीस का गं?”

“अंगावरचं काही जपून ठेवलंय का?” वकीलबाईंनी विचारलं. “कपडे, चपला? तुम्ही बसला होता हे दाखवणारं काहीही चालेल.”

पुढच्या भेटीला बाबा मला स्वच्छ फडक्यात गुंडाळून घेऊन आले. पायातली वहाण पायातच बरी, म्हणतात. मी मात्र वकीलबाईंच्या टेबलावर, त्यांच्या चहाच्या कपाशेजारी बसले.

“हिचा पट्टा बाकाच्या पायात अडकून तुटला म्हणालात ना?”

“हो तर. हिरवा रंगसुद्धा लागला होता. काढला मी सगळा.” बाबांनी मला पुढे सरकवलं. “शोधा बघू टाका कुठाय. नाही सापडणार तुम्हाला.”

वकीलबाईंनी मला खिडकीकडे धरलं. बराच वेळ धरलं.

“नाही सापडत, काका,” त्या हळूच म्हणाल्या. “तेच तर झालंय.”

बाबा हसले. मग त्यांनी वकीलबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. मुलीनं चटकन मला उचलून मांडीवर घेतलं. “छान शिवलीय, बाबा,” ती म्हणाली. “खरंच छान शिवलीय.”

दोन्हीकडच्या लोकांनी दुरुस्ती केली होती. कंपनीनं बोल्ट बसवले, बाबांनी पट्टा शिवला, आणि ती बसली होती हे दाखवणारी खूण दोन्हीकडून पुसली गेली. कशासाठी, हे फक्त ज्याचं त्याला ठाऊक.

तरी वकीलबाईंनी धीर सोडला नाही. पट्टा कसा तुटला होता हे बाबांनी साक्षीत सांगायचं ठरलं. लोक कोर्टकचेरीत चपला झिजवतात. मी न झिजता, पिशवीत बसून तिथे जात राहिले. साक्षीच्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. बाहेरच्या बाकावर बसून ते ओठातल्या ओठात उजळणी करत होते. आत एका छोट्या खोलीत कंपनीच्या वकिलांनी तडजोडीची शेवटची बोलणी काढली. त्यांनी मला उलटीपालटी करून पाहिलं.

“वा! पुरावा पुसावा तर असा. बोलवा ना वडिलांना. दोनच प्रश्न विचारीन मी. रंग कोणी काढला, आणि मुलीनं दावा जिंकला तर पैसे कोणाच्या घरात येणार.”

तडजोडीत मिळणारी रक्कम मागितलेल्याच्या निम्म्याहून कमी होती. शस्त्रक्रिया जेमतेम होईल एवढी. आणि खाली लिहिलेलं होतं, की प्रवासी महिलेनं सूचनेकडे दुर्लक्ष केलं, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे.

तिनं ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, “पेन द्या.”

वकीलबाईंनी तिला बाजूला घेतलं. “अहो, तुम्हाला पैशांपेक्षा ते वाक्य हवं होतं ना? आणि तुम्ही नेमकं त्याच्या उलट वाक्यावर सही करताय.”

“हवं होतं.”

“मग?”

“बाबांना ते लबाड ठरवतील, सगळ्यांसमोर. आणि त्यांच्यामुळे दावा गेला, हे त्यांना तिथे उभं राहून कळेल. घरी जाऊन ते पुन्हा आरी हातात धरणार नाहीत.” तिनं कुबडी काखेत नीट केली. “माझा पाय अधू झाला तेवढं पुरे.”

तिनं सही केली. बाहेर बाबा उठून उभे राहिले, शर्टाची घडी सारखी करत.

“बोलावलं का मला?”

“गरजच पडली नाही, बाबा. मिटलं.”

“मी सगळं पाठ केलं होतं.” त्यांचा चेहरा जरा उतरला. मग त्यांनी विचारलं, “चूक त्यांचीच निघाली ना?”

“त्यांचीच,” ती म्हणाली.

आता आम्ही दोघी दुकानातल्या वरच्या फळीवर आहोत. बाबांनी तिच्यासाठी नवे बूट केलेत, उजव्याचा तळ जाड. ती दुपारी दुकानात बसते, गिऱ्हाइकांशी बोलते. कधी कोणी माझ्याकडे बोट दाखवून किंमत विचारतं. “विकायची नाही,” बाबा सांगतात. गिऱ्हाईक गेलं की मला खाली काढतात आणि शिवलेल्या जागी अंगठा फिरवत बसतात. त्यांना कळलंय की नाही, मी सांगू शकत नाही. एवढंच, की तेव्हा ते तिच्याकडे बघत नाहीत, आणि तीही त्यांच्याकडे बघत नाही.

मला कोणी शपथ घातली नाही, आणि आता घालून उपयोगही नाही. कागद झाला, सही झाली. पण तुम्ही कधी जोडे शिवायला त्या दुकानात गेलात, आणि बाहेर पडताना कोणी कुजबुजलं, “ही हो, बसमध्ये नाचताना पडली ती,” तर कृपा करून क्षणभर थांबा. भांडू नका. फक्त सांगा, की ती बसली होती. दिवसभर उभी राहून पाय दुखले होते, म्हणून बसली होती.