नव्वद दिवसांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे, आणि हीच माझी तक्रार आहे. मी जुना व्हायलाच नको होतो. सहा अंडी धडपणे कुणाच्या तरी घरी पोहोचवायची आणि मग नव्वद दिवसांत मातीत मिसळून जायचं, एवढ्यासाठी मला घडवलं होतं. त्याला चार वर्षं झाली. म्हाताऱ्या माणसाला "अगदी होतास तस्साच आहेस" म्हटलं की तो खूश होतो. मला म्हटलं की माझ्या अंगाची आग होते.

माझं कूळ गव्हाच्या काडाचं. कापणी झाली की काडाला शेतातच आग लावायची, आठवडाभर सगळ्यांनी मिळून खोकायचं आणि वर हवेला नावं ठेवायची, असं चालायचं. वहिनींनी ते काड उचलून आणलं, चिरलं, चुन्याच्या पाण्यात उकळलं, लगदा करून तापलेल्या साच्यात दाबलं. वहिनी आमच्या कारखान्याच्या मालकीण. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, दोन हौद आणि एक कुरकुरणारं यंत्र. मी बाहेर पडलो तो खरबरीत, पिवळट, पण प्रामाणिक.

शेडमागे खड्डा होता. प्रत्येक घाण्यातला एक डबा वहिनी तिथे पुरायच्या, तारखेची पाटी खोचायच्या आणि नव्वद दिवसांनी उकरायच्या. हाताला काही लागलं नाही की त्या दिवसभर गुणगुणत असत. आमच्या घाण्यातून खड्ड्याचा मान मला मिळाला होता.

पण विक्री बघायचे भाऊजी, वहिनींचे धाकटे दीर. "प्रदर्शनात हे तोंड घेऊन जाऊ?" असं म्हणत त्यांनी मला दाराखिडक्यांना लावतात त्या व्हार्निशचे तीन हात दिले. मला बक्षीस मिळालं. कशाचं? तर निसर्गाशी असलेल्या मैत्रीचं! एका मोठ्या दुकानाचे खरेदी बघणारे साहेब मला हातात घेऊनच शेडवर आले.

"असेच हवेत. हीच चमक. वर्षभर घेतो."

तेवढ्या मागणीवर शेड तरणार होती, नाहीतर कुलूप ठरलेलं. वहिनींनी मला नखाने खरवडलं. "भाऊजी, हा कुजेल?"

"अहो वहिनी, ऑर्डर कुजली नाही म्हणजे मिळवलं!"

"कुजतो असं लेबल लावा की," साहेब म्हणाले. "पुरून कोण बघतंय?"

"मी बघते," वहिनी म्हणाल्या.

लेबलासकट मला पुरलं. शेजारी माझा एक साधा भाऊ होता. महिन्याभरात तो मऊ पडला, गवताची मुळं त्याच्यात शिरली, आणि साठाव्या दिवशी हाक मारली तर ओ द्यायला तो नव्हताच. गांडुळं माझ्यापर्यंत यायची, हुंगायची आणि तोंड फिरवून परत जायची. एवढा अपमान माझा साहेबांनीही केला नव्हता.

नव्वदाव्या दिवशी वहिनींनी मला उकरलं, पुसलं आणि साहेबांसमोर ठेवलं. 'मातीत मिसळणारा' ही अक्षरंसुद्धा शाबूत होती.

"वा! काय टिकाऊ माल आहे!" साहेबांनी जागच्या जागी मागणी दुप्पट केली.

"टिकाऊच हवा तर लोखंडी घ्या," वहिनी म्हणाल्या. "हे असलं माझ्या शेडमधून जाणार नाही."

साहेब गेले. भाऊजी आठ दिवस शेडकडे फिरकले नाहीत. एक कामगार कमी करावा लागला. मग कोपऱ्यावरच्या अंडीवालीने आमचे साधे, खरबरीत डबे घेतले, तिचं बघून आणखी दोघींनी, आणि शेड कशीबशी तगली. मला मात्र दारातल्या खिळ्याला टांगलं. नवा माणूस आला की वहिनी माझ्याकडे बोट दाखवायच्या, "असं करायचं नाही." चार वर्षं मी लोकांसाठी वाईट उदाहरण म्हणून नोकरी केली.

आज सकाळी भाऊजींनी स्वतःहून मला खाली काढलं. "चल बाबा, सोडवतो तुला," म्हणत कागद पसरला आणि काचकागदाने मला घासू लागले. दुपारपर्यंत मी पुन्हा खरबरीत झालो. वहिनींनी खड्डा खणला. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात वहिनींनी कागदावरच्या चमकत्या भुशाकडे पाहिलं. "आणि भाऊजी, हे कुठे टाकणार?"

भाऊजींनी कागदाची पुडी बांधली. खड्ड्याकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं. शेवटी ती माझ्याच खिळ्याला टांगली.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. मी तीन महिन्यांत निघून जाईन. काळजी करायचीच तर त्या पुडीची करा. ती तुमच्याच वाट्याला आली आहे.